नॉमिनी : होणारी पत्नी

माझ्या नोकरीत भुतांवर विश्वास ठेवून चालत नाही. आयुर्विमा कंपनीच्या दादरच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं मृत्यूचे क्लेम बघतोय. मेलेली माणसं रोज टेबलावर येतात, पण डेथ सर्टिफिकेट, कॅन्सल चेक आणि आधारच्या झेरॉक्सच्या रूपात. त्यातला एकही माणूस आजवर स्वतः चौकशीला आलेला नाही. आला असता तर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या म्हात्रेने त्यालाही 'लंचनंतर या' म्हणून सांगितलं असतं.

या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी नेहमी वाचतो. सगळ्यांच्या अंगावर काटा येतो, दरदरून घाम फुटतो, कुत्री रडतात... माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. लोक भुताला घाबरतात, मी त्याच्यावर जळलो. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितोय. नावं तेवढी बदलली आहेत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक फाईल आली. अविनाश नावाचा माणूस, वय सेहेचाळीस, राहणार गिरगाव, हार्ट अटॅक, अविवाहित. पॉलिसी एकवीस वर्षं जुनी, हप्ते चोख. अशा केसमध्ये शोधण्यासारखं काही नसतं, अर्ध्या तासाचं काम. मी प्रपोजल फॉर्म उघडला. नॉमिनीच्या रकान्यात सुबक अक्षरात माझ्या बायकोचं नाव होतं... मेघना, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचा पत्ता. आणि पुढे, नातं — 'होणारी पत्नी'.

नाव-आडनाव एखाद्या दुसऱ्या मुलीचंही असू शकतं. पण खोली नंबरसकट पत्ता? त्या खोलीत मी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे खाल्ले होते.

लोक नॉमिनी बदलायला विसरतात, हे मला माहीत आहे. लग्न होतं, मोडतं, आईवडील जातात, आणि फॉर्ममध्ये तेच जुनं नाव पडून राहतं. लग्नकार्यात भेटेल त्याला मी सांगत फिरतो, बाबांनो, नॉमिनी बदला. तेव्हा हा विसरला असेल असं मी स्वतःला समजावलं. मग फाईलमध्ये मागे एक कागद सापडला. चार वर्षांपूर्वी त्याने मोबाईल नंबर बदलायचा फॉर्म भरला होता. त्याच फॉर्मवर नॉमिनीचाही रकाना असतो. त्यात त्याने 'बदल नाही' असं लिहिलं होतं.

बदल नाही म्हणे! माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

तसं बघितलं तर मेघनाच्या पॉलिसीत नॉमिनी मीच आहे. पण तो फॉर्मही मीच भरला होता. तिने फक्त सही केली.

नियमाप्रमाणे मी त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं की नॉमिनी माझी पत्नी आहे, फाईल दुसऱ्याकडे द्या. मी 'नॉमिनीचा शोध चालू' असा शेरा मारला आणि फाईल खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली. नॉमिनी परळला माझ्या घरात चपात्या लाटत होती. संध्याकाळी मी तिच्याकडे टक लावून बघत बसायचो. "काय झालं? अ‍ॅसिडिटी?" ती विचारायची. मी हो म्हणायचो, ती जिऱ्याचं पाणी द्यायची, ते पिऊन मी आणखी जळायचो.

दर आठवड्याला अविनाशची आई ऑफिसात यायची. पंचाहत्तरीची बारीकशी बाई, धुवट सुती साडी, हातात कापडी पिशवी. घरात दुसरं कोणी नाही. मुलाच्या पगारावर घर चालायचं, तो पगारही आता बंद. ती कधी आवाज चढवायची नाही, त्यामुळे मला जास्तच त्रास व्हायचा.

एकदा मी विचारलं, "काकू, ही नॉमिनी कोण? तुमच्या ओळखीची?"

तिने पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळले. "आमच्याच वाडीतली. चांगली होती हो मुलगी. मीच नको म्हटलं. जात आडवी आली मला. तो काही बोलला नाही, पण दुसरी बघूही दिली नाही. आता त्या मुलीची सही मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तिला भेटायचंय का तुम्हाला?"

"तिच्या घरी कशाला आग लावू? तुमच्या कायद्यात बसत असेल तर बघा. नाही तर राहू दे."

मेघनाने एका कागदावर सही केली असती तर या बाईचं काम झालं असतं. मला ते कळत होतं. पण सही घ्यायची म्हणजे घरी जाऊन सांगायचं, की बाई गं, एक माणूस मरेपर्यंत तुझं नाव जपून गेला. आणि मग तिचा चेहरा बघायचा. हे माझ्याच्याने होणार नव्हतं. फाईल ड्रॉवरमध्येच राहिली. सहा आठवडे.

शेवटी मला त्याचं घर बघायची हुक्की आली. काम काहीच नव्हतं. म्हात्रे म्हणाला, "अरे, एकवीस वर्षांची पॉलिसी, व्हिजिट कसली करतोयस?" मी म्हटलं, नॉमिनी ट्रेस करायचीये. काकूंना फोन करून गुरुवारी दुपारी तीनची वेळ घेतली. खरं सांगायचं तर मला त्याचा फोटो बघायचा होता. प्रपोजल फॉर्मवरचा फोटो झेरॉक्समध्ये काळा पडला होता, नाकडोळे काही दिसत नव्हते.

चर्नी रोडला उतरलो, पूल ओलांडला, चालत वाडीत शिरलो. वाडीचं नाव देत नाही. माझी सासुरवाडीही तिथेच होती. सासरे गेल्यावर मेहुण्याने ती खोली विकली, तेव्हापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. अविनाशची इमारत तिच्या समोरचीच, तिसरा मजला, लांब गॅलरी, एकच जिना. लख्ख ऊन. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं.

गॅलरीच्या टोकाला फोल्डिंगच्या खुर्चीवर एक माणूस वाल सोलत बसला होता. मांडीवर ताट, पायाशी पातेलं. चष्मा, बनियन, चौकड्यांची लुंगी. माझ्याच वयाचा, पण केस शाबूत. हे मी आधी पाहिलं.

"काकू आहेत का? विम्याच्या ऑफिसमधून आलोय."

"येईल इतक्यात. बसा." त्याने दाराजवळचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"घरचाच," तो म्हणाला.

मला वाटलं, भाचा-बिचा असेल. क्लेमच्या वेळी असे घरचे बरेच उगवतात. नुसतं बसून कंटाळा आला म्हणून मीही चार वाल उचलले. मोड आलेले, कोमट पाण्यातून काढलेले. सालं बोटांना चिकटत होती.

"नॉमिनी सापडली का?" त्याने विचारलं.

"शोध चालू आहे."

"सापडेल. लांब नसेल ती." तो सोलत राहिला. "तिला याचा भारी कंटाळा. दहा सोलायची आणि अकरावा माझ्या अंगावर फेकायची. रागावली की बोलायची नाही, कपड्यांच्या घड्या घालत बसायची. घातलेल्या घड्या मोडून परत घालायची."

माझ्या हातातला वाल तसाच राहिला. ही घड्यांची सवय तिला माझ्यामुळे लागली असं मी सोळा वर्षं समजत होतो. माझ्यावरच्या रागाची म्हणून मला ती थोडी आवडायचीसुद्धा. म्हणजे ती सवयही या वाडीतून आलेली, वापरलेली!

"तुम्हाला बरंच माहीत आहे," मी म्हटलं.

"शिट्टी अजून वाजवते का हो?"

प्रश्न मलाच होता. तू तिचा नवरा आहेस, असं तो म्हणाला नाही. पण विचारलं मला, आणि माझ्याकडे बघून.

"कसली शिट्टी?" मी म्हटलं.

त्याने मान हलवली. त्याला माझी कीव आली असावी. त्या क्षणी मला त्याचं ताट उधळून द्यावंसं वाटलं. "आईचं काम तेवढं अडवू नका. तिचा काही दोष नाही," तो म्हणाला.

मी उठलो आणि जिन्याकडे चालू लागलो. दुसऱ्या मजल्यावर काकू धापा टाकत वर येताना भेटल्या.

"अहो, थांबा ना. रेशनच्या लाईनीत उशीर झाला. किल्ली माझ्याकडेच आहे."

"वर तुमचे भाचे आहेत ना," मी जरा तुटकच बोललो.

"कोण भाचे?"

मी त्यांच्याबरोबर परत वर गेलो. गॅलरी रिकामी होती. ताट नाही, पातेलं नाही. खुर्ची घडी घालून भिंतीला टेकवलेली, वर धुळीचा थर. दाराला कुलूप. माणूस खाली उतरला असता तर माझ्यासमोरून गेला असता. काकूंनी कुलूप उघडलं. समोरच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो होता. चष्मा, शाबूत केस.

"काकू, आज वाल भिजवलेत?"

"वाल? नाही बाई. ते काम त्याचंच होतं. तो गेल्यापासून बिरडं केलंच नाही."

मी हात नाकाशी नेले. बोटांना वालाचा वास येत होता, नखांत साल अडकलं होतं. काकूंनी पाणी दिलं, ते प्यायलो. मला भीती वाटली का? अजिबात नाही. मी त्या फोटोकडे बघत एकच विचार करत होतो... शिट्टी?

घरी गेलो तर मेघना भाजी निवडत होती. माझी आई शेजारी जपमाळ घेऊन बसली होती, म्हणून मेघना 'अहो'वर होती. "अहो, हाताला कसला वास येतोय? वाल सोललेत की काय ऑफिसात?"

मी तिला आत बोलावलं. "तुला शिट्टी वाजवता येते?"

तिचा चेहरा एकदम उतरला. "कोणी सांगितलं तुला?"

"येते का नाही?"

"येते. अख्खं गाणं वाजवायचे मी. गच्चीवर. बाबांना कळलं असतं तर तंगडं मोडलं असतं त्यांनी, म्हणून कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे..." ती थांबली. "एकालाच माहीत होतं."

मग मी सगळं सांगितलं. फाईल, ड्रॉवर, सहा आठवडे, खुर्ची, वाल. तो गेल्याचंही तिला तेव्हाच कळलं, माझ्या तोंडून. ती पलंगावर बसून राहिली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या म्हाताऱ्या बाईला सहा आठवडे खेटे घालायला लावलेस तू?" आणि कपाटातले कपडे बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. फाईल म्हात्रेकडे गेली. मेघना काकूंकडे स्वतः गेली, लागेल तिथे सह्या केल्या आणि काकूंचं काम पंधरा दिवसांत झालं. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या म्हणे. मला कोणी बोलावलं नव्हतं.

एका रात्री जेवताना मेघनाने विचारलं, "कसा दिसत होता?"

"फोटोसारखाच."

"बारीक झाला होता का? आवाज कसा होता? माझं नाव घेतलं त्याने?"

"नाही. ती, तिला, असंच."

तिने ताट बाजूला सारलं. "तुलाच का दिसला पण? सोळा वर्षांत मी एकदा मागे वळून बघितलं नाही, कोणाकडे चौकशी केली नाही. यायचं तर माझ्याकडे यायचं. तुझ्याकडे काय होतं त्याचं?"

ती माझ्यावर जळत होती. कोणाचं काय आणि माझं काय... पण मला फार बरं वाटलं. निदान एक गोष्ट त्याने मला दिली होती आणि तिला दिली नव्हती. इतका हलकट विचार मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

तेव्हापासून ती दर गुरुवारी दुपारी गिरगावात जाते. काकूंना भाजी, औषधं नेऊन देते, आणि मला माहीत आहे की थोडा वेळ त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसते. सुरुवातीला येऊन आपणहून सांगायची, कोणी नव्हतं. सांगताना डोळे ओले असायचे. मी तिला जवळ घ्यायचो, पण मनातून खूश असायचो.

त्या दुपारी मला काय दिसलं याचा खुलासा माझ्याकडे नाही. म्हात्रे म्हणतो, ऊन लागलं असेल, मनात अपराध होता, त्याचंच दिसलं. असेल. पण शिट्टीचं काय? ते मला सांगणारं त्या दुपारपर्यंत जगात कोणी जिवंत नव्हतं, मेघना सोडून.

गेल्या गुरुवारी ती उशिरा आली. चप्पल काढताना स्वतःशीच हसत होती, डोळे कोरडे होते. मी विचारलं, "कोणी आलं होतं का गं?"

"नाही," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली. बराच वेळ साबणाने धूत होती.