कब्बन पार्क आणि आमच्या भिंतीवरचा सूर्य

आमच्या घरात सहल ठरवायची म्हणजे आधी सूर्याची परवानगी घ्यावी लागते. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं घर आक्का म्हणतं, गेली चाळीस वर्षं दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. जेवण तर नाहीच, पाणीसुद्धा नाही. निपाणीतल्या जैन घरांत याचं कुणाला नवल नाही. पण या नेमापायी आक्का जवळच्याच संकेश्वरच्या पलीकडे कधी मुक्कामाला गेल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटायचं.

या एप्रिलच्या सुट्टीत आमच्या मुलींनी, म्हणजे अकरा वर्षांच्या सन्मतीने आणि सात वर्षांच्या श्रेयाने, बेंगळूरच्या कब्बन पार्कचा हट्ट धरला. शहराच्या मधोमध एवढं मोठं उद्यान, आत छोटी आगगाडी, कडेला संग्रहालयं. मी म्हटलं, जायचं तर आक्कांना घेऊनच. तीन संध्याकाळी त्यांच्यामागे लागले तेव्हा त्या नमल्या.

"येतो मी. पण माझा नेम चुकला तर परत कुठं चल म्हणायचं न्हाय. कबूल?"

"कबूल, आक्का. मी हाय न्हवं!"

मी शाळेत शिक्षिका आहे आणि वेळापत्रक हा माझा जुना आजार आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशीचा सूर्यास्त सहा पन्नासचा होता. तिथून उलटं मोजत मी सगळा दिवस आखला. सव्वासहाला डबा बाहेर, साडेसहाला पहिला घास, पावणेसातला पाणी. कागद फ्रीजवर चिकटवला. नवऱ्याने, महावीरने, तो दोनदा वाचला आणि विचारलं, "रॉकेट सोडायचंय व्हय गं?"

पहिला दिवस रस्त्यातच जातो. आम्ही गाडीने पहाटे साडेपाचला निघालो. हमरस्ता चांगला आहे, पण मध्ये मध्ये कामं चालू असतात, तेव्हा मोबाईलमधला नकाशा सांगेल त्यात दीड तास वाढवून धरा. टोलनाके तर इतके की श्रेयाने मोजायचं सोडून दिलं. नाश्त्याला धारवाडला थांबलो. आक्कांनी अस्सल कन्नडमध्ये मसाला डोसा मागवला: बटाटा नको, कांदा नको, लसूण नको. वेटर अदबीने म्हणाला, "अम्मा, मग मसाला कुठला घालू?" आला तो साधा डोसाच होता, फक्त दुमडलेला. आक्का खूश झाल्या. संध्याकाळचं जेवण तुमकूरच्या अलीकडे एका झाडाखाली साडेपाचलाच उरकलं, त्यामुळे सूर्याकडे कुणी बघितलंही नाही. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने थेट उद्यानाच्या तोंडाशी उतरलो. गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा हेच बरं. आणि सोमवार टाळा, बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. झाडं अशी की एप्रिलच्या उन्हातही खाली गारवा. छोट्या गाडीत मुली दोनदा बसल्या. मग लाल इमारतीतलं जुनं संग्रहालय. तिथे मुलींनी जांभया द्यायला सुरुवात केली आणि आक्कांनी एका तीर्थंकरांच्या मूर्तीपुढे चपला काढून हात जोडले. मागून येणाऱ्या दोन अनोळखी बायकांनीही काढल्या, त्यांना वाटलं तसाच नियम असेल.

खरी गंमत पुढच्या यंत्रांच्या संग्रहालयात झाली. तिथे एका दालनात दोरांना टांगलेल्या खुर्च्या होत्या. खुर्चीत बसायचं आणि दोर ओढून स्वतःला वर उचलायचं. एका खुर्चीला एकच कप्पी, दुसरीला बऱ्याच. मुलींनी एकेकदा ओढलं आणि पुढे पळाल्या. आक्का मात्र थांबल्या. पदर खोचला, बऱ्याच कप्प्यांच्या खुर्चीत बसल्या, आणि दोर ओढायला लागल्या. जमिनीपासून हातभर वर गेल्यावर त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की मला हसावं की फोटो काढावा कळेना.

"आगं, वजानच लागंना! आमच्या हिरीवर एकच कप्पी हुती. वीस वर्सं पाणी वढलं मी. हे तवा कुणी सांगितलं न्हाय!"

मागे शाळकरी पोरांची रांग लागली. महावीर खालून म्हणाला, "आक्का, उतर की आता."

"तूच थांब रं. तुला काय कामधंदा हाय इथं?"

त्या पाच वेळा वर गेल्या. बंद व्हायची वेळ झाली तेव्हाच उतरल्या. मी घड्याळ पाहिलं आणि निवांत राहिले. वेळापत्रकापेक्षा दहा मिनिटं पुढे होतो आम्ही.

झाडाखाली गवतावर चादर पसरली, धपाट्यांचा डबा उघडला, तोच शिट्टी वाजली. रखवालदार म्हणाला, "इल्लि ऊट माडबारदु, अम्मा." इथे जेवायचं नाही, बाहेर जा. बरोबरच होतं त्याचं. सगळं गुंडाळलं, चालत फाटक गाठलं, बाहेर एक कट्टा मिळाला. सहा अडतीस. माझ्या हिशेबाने अजून बारा मिनिटं होती. आक्कांनी हात धुतले, धपाट्याचा तुकडा मोडला आणि वर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

त्यांनी शेजारच्या शेंगवाल्याला कन्नडमध्ये विचारलं. तो म्हणाला, "मगाशीच मावळला की, अम्मा."

सन्मतीने मोबाईलवर पाहिलं. बेंगळूरचा सूर्यास्त सहा चौतीस. निपाणीचा सहा पन्नास. बेंगळूर पूर्वेला आहे, तिथे सूर्य आधी मावळतो. हे मी दरवर्षी सहावीला शिकवते. फळ्यावर गोल काढून शिकवते.

आक्कांनी तुकडा परत डब्यात ठेवला. बाराला जेवलेलं माणूस, दिवसभर चाललेलं, आणि आता सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. महावीरच्या हातातलं धपाटं तोंडापाशीच थांबलं. मला रडू आलं, अगदी रस्त्यावर, सगळ्यांसमोर.

"चुकलं माझं, आक्का. तुमचा नेम..."

"नेम कुठं मोडला? जेवाण तेवढं ऱ्हायलं." त्यांनी डबा पोरींकडे सरकवला. "खावा गं तुम्ही. आणि तू डोळं पूस. मास्तरीन न्हवं तू?"

शेंगवाला अजून आमच्याकडेच बघत होता. त्या रात्री आक्कांनी कप्प्यांचं सगळं गणित मुलींना दोनदा समजावलं आणि घोरायला लागल्या. मी मात्र जागीच होते.

परतीच्या वाटेवर त्या पोरींबरोबर टोलनाके मोजत बसल्या. कबुलीची आठवण मला होती, त्यांनाही असणारच. पुन्हा कुठे चला म्हणायला मला आता तोंड उरलं नव्हतं. घरी आल्यावर फ्रीजवरचा कागद मी गुपचूप फाडला.

आठवड्याने गॅस सिलिंडरची तारीख लिहायला दिनदर्शिका चाळत होते. ऑक्टोबरच्या पानावर, दसऱ्याच्या सुट्टीच्या चौकटीत, पेन्सिलीने आक्कांचं वळणदार अक्षर होतं:

"बेंगळूर. कप्पी. जेवाण सोळा मिण्टं आधी."