कडुबा लाइनमन आणि पिवळी नळी

कडुबाला अर्ध्या शहरातल्या बायका चेहऱ्यानं ओळखत आणि त्यांतल्या निम्म्या त्याच्या पाठीमागं शिव्या घालत. तो पाणीपुरवठ्यात लाइनमन होता. एकतीस वर्षं सायकलच्या दांडीला लांबलचक लोखंडी चावी बांधून त्यानं गल्ल्या पालथ्या घातल्या. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. लहान व्हॉल्व्हला चौदा आटे, मोठ्याला अठ्ठावीस. एका गल्लीला सोडलं की दुसरीचं तोडावं लागे, त्यामुळं एका दारात चहा मिळे आणि दुसऱ्या दारात बापजाद्यांचा उद्धार होई. दोन्ही तो सारख्याच शांतपणे पोटात घालत असे.

तक्रारीही ठरलेल्या असत. पाणी गढूळ येतं, पाण्याला वास येतो. कडुबाचं उत्तरही ठरलेलं होतं. "चार घागरी सोडून द्या, जाईल." एकतीस वर्षांत हे उत्तर बदलायची गरज त्याला कधी वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या घरांत तो वास घ्यायला वाकलाही नव्हता.

आता तो निवृत्त होऊन हर्सूलकडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. मुलगा शिवम वाळूजच्या कारखान्यात, सून तनुजा फुलंब्रीच्या शाळेत शिक्षिका, आणि बायको आवडाबाई, जिचे गुडघे जिना म्हटलं की रडू लागत. या इमारतीच्या जागी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी ज्वारी पाहिली होती. शहर वाढत वाढत इथवर आलं, पाणी मात्र मागंच राहिलं. दोन हजार चोवीसचा तो उन्हाळा. तलावात नुसता चिखल, नळाला नवव्या नाहीतर दहाव्या दिवशी पाणी, बाकी दिवस टँकर. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात भिंतीतून पिवळी नळी आली आणि शेगडीला चोवीस तास गॅस मिळू लागला. कडुबाला याचा काही उलगडा होईना. ज्याच्यासाठी माणसं रडतात ते येत नाही, आणि जे कुणी मागितलं नव्हतं ते न सांगता येतं. आवाज नाही, रंग नाही, पाळी नाही. असल्या गोष्टीवर लाइनमननं भरवसा ठेवायचा तरी कसा?

त्यात त्याची एक चोरी होती. करोनात त्याचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. फोडणी जळो, मोगरा फुलो, त्याला सगळं सारखंच. सुरुवातीला येईल येईल म्हणून तो बोलला नाही आणि नंतर लाज वाटली म्हणून बोलला नाही. आधीच चष्मा, आधीच रक्तदाबाची गोळी, त्यात नाकही गेलं म्हटलं तर घरात आपला उपयोग काय उरला, असं त्याला वाटे. आवडाबाईला मात्र थोडा संशय होता, कारण करपलेलं वरण नवरा गुमान खात होता.

त्या मंगळवारी सकाळी तनुजा शाळेला निघता निघता थांबली. तिचं सुट्टीतलं कसलंसं प्रशिक्षण होतं.

"मामा, रस्त्यावर गॅसच्या लाइनचं काम आहे. बाराला गॅस बंद होणार, चारपर्यंत परत येईल. पावणेबाराला शेगडीची दोन्ही बटणं बंद करायची आणि हा दांडा आडवा करायचा." शेगडीच्या मागं भिंतीवरून पिवळी नळी सरळ खाली उतरत होती आणि तिच्यावर बोटाएवढा दांडा होता. "नळीसारखा उभा असला की चालू. नळीला आडवा असला की बंद. मी आल्याशिवाय उघडायचा नाही. जमेल ना?"

"एकतीस वर्सं शहराचं पाणी बंद केलंय म्या," कडुबा म्हणाला. "हे तर बोटाएवढं हाय."

"तसं नाही मामा. आणि चुकून काही झालंच तर वास येतो, लगेच कळतं. त्यासाठीच त्यात वास घातलेला असतो."

कडुबानं मान हलवली. ही मान हलवणं त्याला पुढं फार जड गेलं.

पावणेबाराला आवडाबाईची शेवटची भाकरी तव्यावर होती. भाकरी टाकून गॅस बंद करायचा नाही म्हणून तिनं हट्ट धरला. तेवढ्यात कंपनीनं बाराची वाटही पाहिली नाही. निळी ज्योत बुटकी झाली, फडफडली आणि गेली. भाकरी एका अंगानं कच्ची राहिली.

कडुबा उठला. दांड्याला हात लावला, फिरवला. पाव आटा फिरला आणि दांडा अडला. बस? कुठल्याही बंद करण्याला निदान चौदा आटे लागतात, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं. मधेच काहीतरी अडकलं असणार म्हणून त्यानं मागं घेतला, पुन्हा फिरवला, पुन्हा मागं. असं चार-पाच वेळा झाल्यावर दांडा उभा होता आणि कडुबाच्या डोक्यात आडवा-उभा यांचं पार कालवण झालं होतं. उभा म्हणजे चालू म्हणाली का बंद? शेगडी पेटवून बघावं, तर गॅसच नाही.

"आडवा करा म्हनली ना ती," आवडाबाई म्हणाली.

"मला शिकवू नको," कडुबा म्हणाला आणि दांडा होता तसा सोडला.

मग शेगडीच्या बटणाकडं त्याचं लक्ष गेलं. ते उघडंच होतं. ते बंद करायला त्यानं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. या शहरात नळ गेला की कुणी तोटी बंद करत नाही. तोटी उघडी ठेवायची, खाली बादली ठेवायची. पाणी आलं की आवाज होतो, माणूस उठतो. ज्यानं तोटी बंद केली त्याचं पाणी शेजाऱ्यानं नेलं, हा इथला कायदा. कडुबानं तोच कायदा गॅसला लावला. बटण उघडंच राहू दे, आला की कळेल. तीन वाजता आवडाबाईला चहा लागतो. आपण लायटर घेऊन इथंच बसू. तो खरंच स्टूल घेऊन बसला. पारध्यानं सशाच्या बिळापाशी बसावं तसा.

अडीचच्या सुमारास खालून काकासाहेबांची हाक आली. काकासाहेब तळमजल्यावर राहत आणि इमारतीच्या नळांवर त्यांची बारीक नजर असे.

"कडुबा, पाणी आलं. कमी दाबानं हाय, लवकर या."

आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा मराठवाड्यातला माणूस लग्नाच्या बोहल्यावरूनसुद्धा उठतो. कडुबा स्टुलावरून उठला, पायात चपला न घालता खाली गेला. पाइप, ड्रम, भांडणं, कुणाची पाळी आधी, यात अर्धा-पाऊण तास कसा गेला कळलं नाही. गॅस त्याच्या डोक्यातून साफ उतरला होता. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलून तो धापा टाकत वर आला.

आवडाबाई पुढच्या खोलीत पडली होती. तिची दुपारची झोप नुकतीच मोडली होती.

"अवो, कसला वास येतोय हो घरात? अंडी सडल्यावानी."

कडुबा दारातच थबकला. नाकाचा प्रश्न आला की तो असाच अडे. पण उत्तर तयार होतं.

"पाण्याला येत आसंल. लाइनीत गटार मिसळलं आसंल कुठंतरी. चार घागरी सोडून दिल्या की जाईल."

त्यानं कॅन टेकवला, पेलाभर पाणी काढलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं हुंगलं.

"पान्याला नाय."

"मग खालच्या ड्रमाला आसंल. थांब, बघून येतो." तो खरोखर पुन्हा दोन मजले उतरला, ड्रमात पेला बुडवला, काकासाहेबांना हुंगायला लावला. काकासाहेब म्हणाले, पाणी चोख आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कडुबा परत वर आला तेव्हा पुरता चक्रावला होता. काकासाहेब खोटं बोलत नाहीत. मग बायको बोलते?

"तुझ्या नाकातच बसलाय वास," तो म्हणाला.

"बसला तर बसला. उदबत्ती लावते म्हंजी जाईल."

ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. देव्हारा तिथंच कोपऱ्यात होता. कडुबा कॅन घेऊन तिच्या मागं आला आणि हंड्यात पाणी ओतू लागला. मधेच दम लागला म्हणून त्यानं कॅन सरळ केला. पाण्याचा आवाज थांबला आणि त्या शांततेत त्याला दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, एकसारखा. सूं.

हा आवाज त्याला जन्माचा माहीत होता. नळाला पाणी यायच्या आधी लाइनीतली हवा अशीच सुटते. तो नळाकडं वळला. नळ बंद होता. त्यानं मान तिरकी केली. आवाज शेगडीतून येत होता. देव्हाऱ्यापाशी आवडाबाईनं पेटीतून काडी काढली होती.

कॅन त्याच्या हातातून सुटला. आठ दिवसांनी आलेलं वीस लिटर पाणी फरशीवरून वाहत गेलं आणि त्या घरात त्या दिवशी त्याकडं कुणीही पाहिलं नाही. कडुबानं तिच्या हातावर झडप घातली. काडी, पेटी, उदबत्ती सगळं पाण्यात पडलं.

"काय झालं?"

"गॅस हाय. गॅस आलाय."

त्यानं बटण बंद केलं. आवाज थांबला. मग त्याचा हात दांड्यावर गेला आणि तिथंच राहिला. उभा का आडवा? अठ्ठावीस आटे का पाव? एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. कडुबाला बंद कुठलं आणि चालू कुठलं हे सांगता येईना. तो भ्याला होता, स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी.

"आवडे, कसा करू?" त्यानं विचारलं.

"आडवा," ती म्हणाली. "नळीला आडवा."

त्यानं पाव आटा फिरवला. दांडा अडला. या वेळी त्यानं तो मागं घेतला नाही.

पंख्याच्या बटणाकडं जाणारा त्याचा हात तिनंच धरला. बटणाची ठिणगी पडण्यापेक्षा घाम परवडला, आधी खिडक्या उघडा, असं तनुजानं गॅसची नळी बसली त्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते आवडाबाईनं ऐकलं होतं, कडुबानं नव्हतं. दोघांनी दारं-खिडक्या उघडल्या. मग तो तिला घेऊन जिना उतरू लागला. एकेक पायरी, एकेक कण्हणं. खाली तिला उलट्या बादलीवर बसवून त्यानं काकासाहेबांच्या फोनवरून आधी कंपनीला आणि मग सुनेला कळवलं.

कंपनीचा माणूस हातात यंत्र घेऊन आला, वर जाऊन आला आणि आता धोका नाही म्हणाला. त्याच्या मागोमाग रिक्षानं तनुजा आली. तिनं आधी सासूला चाचपून पाहिलं.

"मामा, वास आल्याबरोबर बंद का नाही केला? एवढा वास होता म्हणतात."

कडुबाकडं उत्तरं होती. पाण्याचा वाटला, झोप लागली होती, कंपनीनं वेळ पाळली नाही. आवडाबाई त्याच्याकडं बघत होती.

"मला वासच येत न्हाय, पोरी," तो म्हणाला. "करोनापासनं. तीन वर्सं झाली."

"सकाळी मी वासाचं बोलले तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं आस्तं तर तो दांडा माझ्या हाती दिला आस्तास का?"

खोटं बोलणं तनुजाला सोपं होतं.

"नसता दिला," ती म्हणाली.

"म्हनून," कडुबा म्हणाला.

मग आवडाबाईनं भिंतीला हात लावला आणि ती उठली. तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि जिन्याकडं वळवला.

"चला. दांडा तुमी फिरवा," ती म्हणाली. "वास मी घेते. पर मी वास येतो म्हनलं म्हंजी येतो."

कडुबानं मान हलवली नाही. "व्हय," असं तो मोठ्यानं म्हणाला, सुनेला आणि काकासाहेबांना ऐकू जाईल असं.