उद्घाटनाची शाल

मुलांनो, तुमच्यातला थोरला तिकडे वेबसाइट बनवतो. पानावर चित्र टाकलं की त्यात काय आहे ते शब्दांत लिहून ठेवायचं, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाचा फोन ते वाचून दाखवतो, असं त्यानेच मला समजावलं होतं. तसा नियमच आहे म्हणाला. इकडे लातुरात तो कसा पाळतात ते ऐका.

माझी भाची, म्हणजे तुमची मावशी, जन्मापासून पाहू शकत नाही. गाणं शिकली आणि ज्या शाळेत शिकली तिथेच संगीत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीची तारीख शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नव्या वेबसाइटवर येणार होती. ती रोज फोन कानाला लावून बसायची. कार्यालयात विचारलं की कारकून म्हणायचा, "साइटवर टाकतो ना, बघून घ्या."

मग साइटच्या उद्घाटनाचं निमंत्रणच आलं. साइट कधीच चालू झाली होती, पण आपल्याकडे नारळ फोडल्याशिवाय काही सुरू झालं असं मानत नाहीत. ही साइट म्हणे दिव्यांगांसाठी सुलभ होती, म्हणून उद्घाटन माजी विद्यार्थिनीच्या, म्हणजे हिच्या हस्ते.

मी नांदेडहून एसटीने गेले. समई, हार, भाषणं, आणि प्रत्येक भाषणात 'दिव्यदृष्टी'. सचिवांनी तिचा हात धरून माउसवर ठेवला. पान मात्र मागे बसलेल्या माणसाने उघडलं. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ.

जागेवर येऊन तिने फोनवर साइट लावली. "मावशी, हे आजही नुसतं 'चित्र, चित्र' म्हणून राहिलंय. तू बघ बरं."

मी चष्मा लावला. सगळ्या सूचना म्हणजे कागदांचे वाकडे फोटो, शिक्क्यासकट. त्यातच मुलाखतीची सूचना होती. मुलाखत परवाच होऊन गेली होती.

मी सचिवांना गाठलं. "काकू, सूचना सगळ्यांसाठीच टाकलेली हाय," ते म्हणाले. "घरात कुणी डोळस न्हाई का?"

"हाय की," भाची म्हणाली. "पण नोकरी मला पाहिजे, दादा."

ते हसले. "बोलायला लई हुशार हाय. पुढच्या वेळी बघू." आणि फोटोसाठी आम्हा दोघींच्या मधे येऊन उभे राहिले.

आपली मुलाखत पुन्हा घ्यावी असा अर्ज तिने दिला. सूचना रीतसर प्रसिद्ध केली होती, जागा भरली आहे, असं उत्तर आलं. तेही कागदाचा फोटो काढून तिच्या व्हॉट्सॲपवर.

साइटच्या पहिल्या पानावर आता शाल घेतानाचा तिचा फोटो आहे. तिथे बोट ठेवलं की फोन म्हणतो, "चित्र."

ती शाल मी इस्त्रीखाली अंथरायला मागून आणली होती. नायलॉनची निघाली.