पेन्सिलीनं भरलेला रकाना

निमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जसोंडी गावातल्या माझ्या शेतात केळीचे घड वाळक्या पानांनी झाकत होते. राहिलेले दोन घड झाकले आणि सिंधीपुऱ्यात तिच्या घरी गेले. रडणं मला जमत नाही, हे तिला ठाऊक होतं.

शाळेपासूनच्या आम्ही मैत्रिणी. मी शेती धरली, ती जीवशास्त्र शिकवू लागली. तिच्या घरी नवं इंटरनेट आलं तेव्हा सकाळी सकाळीच तिनं मला बोलावून घेतलं. जगातल्या कुठल्या जिवाला किती धोका आहे, याची यादीच तिला सापडली होती! त्याच दिवशी भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लागला, एकात जीव, दुसऱ्यात त्याला असलेला धोका. पहिल्या ओळीत लोरिस, दक्षिणेतल्या सहलीत तिनं पाहिलेला मोठ्या डोळ्यांचा, चिमुकला, माकडांचा दूरचा भाऊबंद. दुसऱ्या ओळीत कळलावी, माझ्याच बांधावरची, ज्वाळांसारख्या फुलांची वेल. रकाने पेन्सिलीनंच भरायचे, पेन्सिल दोऱ्यानं खिळ्याला बांधलेली. बरंच झालं, कारण पुढे लोरिसपुढचं ‘चिंता नाही’ खोडून ‘धोक्याच्या जवळ’ लिहावं लागलं. कळलावीपुढे मात्र ‘चिंता नाही’ कायम राहिलं.

म्हणूनच मी ती उपटली. मुळं विषारी, बांधावर शेळ्या चरतात, आणि केळीवाल्यांना बांध कसा लख्ख लागतो… कुदळ घेतली, तासाभरात साफ. निमाला सांगितलं तर ती चहा तसाच ठेवून उठली.

“अगं, पण लिस्टमध्ये तर चिंता नाही लिहिलंय,” मी म्हणाले.

“लिस्ट दुनियेची आहे, शालू. बांध तुझा आहे.”

तिनं तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, ‘जसोंडी’. लोरिसपुढे ‘कधी नव्हताच’. कळलावीपुढे ‘नामशेष’. पुढची दोन वर्षं, अगदी अंथरुणाला खिळल्यावरही, मी दिसले की पहिला प्रश्न तोच, “बाई, काही उगवलं का?” मी बांधाला कुदळ लावणं बंद केलं होतं. तरी उत्तर एकच, नाही. आषाढात ती गेली.

परवा श्रावणात पाणी सोडायला गेले, तर बांधावर तुरीच्या काटकीला वेल बिलगलेली आणि वर एक फूल, अर्धं पिवळं, अर्धं लाल. मुळाचा तुकडा मातीत राहिला असणार. चिखलाच्या पायांनी मी मोटरसायकलवर मागे बसले आणि नवऱ्याला म्हटलं, सिंधीपुरा, लवकर. निमाच्या सुनेनं दार उघडलं, पायांकडे पाहिलं आणि बाजूला सरकली.

पेन्सिल दोऱ्याला लोंबत होती, टोक नीट केलेलं. ‘नामशेष’ खोडलं. लिहिलं, ‘एक’.