मावशीचा फोटो साफ करताना

माझ्या लॅपटॉपवर एकाच बगळ्याचे कितीतरी फोटो आहेत. खरं तर फोटो एकच, बिंदुसरा नदीच्या काठावर काढलेला, जरासा हललेला. नवीन एडिटिंग सॉफ्टवेअर हाती आलं की मी आधी हाच बगळा त्यात घालते. एक सॉफ्टवेअर दर महिन्याला भाडं घेतं, त्यात रंग सुरेख येतात. एक फुकटचं आहे. त्यात सगळं करता येतं, पण बटणं शोधण्यातच जीव जातो. शिवाय आता मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायची प्लगइन्स आली आहेत. ती फोटोतले दाणे काढतात, हललेलं स्थिर करतात, लहान फोटो मोठा करतात. मी सगळे निकाल शेजारी शेजारी ठेवून बघत बसते. कुठे पिसं मोकळी दिसतात, कुठे पाणी प्लॅस्टिकसारखं होतं. एका ऑनलाइन ग्रुपवर त्याबद्दल लिहितेही, कारण तिथे मला कुणी ओळखत नाही. प्लगइन कधी कधी नसलेली पिसं स्वतःहून रेखाटतं हे मला माहीत होतं. पण बगळ्याच्या घरचं कुणी तक्रार करायला आलं नव्हतं.

माणसांचे फोटो मी काढत नाही. कॅमेरा धरला की माणूस माझ्याकडे बघतो, आणि मग काय बोलायचं ते मला सुचत नाही.

त्यामुळे सिरसाळ्याची माझी मावशी गेली तेव्हा तिचा माझ्याकडे एकही फोटो नव्हता. कुणाकडेच नव्हता. तिचा एक दात तिरका होता, पुढे आलेला. कुणी फोन वर केला की ती पदर तोंडात धरून वळायची. आधार कार्डावरचा काळपट, पुसट फोटो होता, पण मावसांनी तो धुडकावला. "ते न्हाई लावायचं," ते म्हणाले. "त्यात ती सरकारला भेलीय."

तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो लागायला हवा होता. मावशीची मुलगी, माझी ताई, सगळ्यांच्या फोनमधले जुने फोटो उलटेपालटे करत होती. शेवटी गेवराईच्या एका लग्नातला फोटो निघाला. पुढे नवरीच्या मैत्रिणी सेल्फी काढताहेत, आणि मागे, पार कोपऱ्यात, मावशी. अक्षता टाकायला हात वर केलेला, पदर खांद्यावर, आणि कशाला तरी मोकळेपणी हसते आहे. चेहरा माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तोही इतक्या ग्रुपांमधून फिरून आलेला की डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या उरल्या होत्या.

"हिला येतं सगळं," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "लॅपटॉपवर तेच करती दिवसभर."

आमच्या घरात मी एकटी इंग्रजी शाळेत शिकलेली. त्यामुळे यंत्राचं काही निघालं की माझ्याकडे येतं. घरी दुःख झालं की काय बोलतात ते मला येत नाही. बायका गळ्यात पडून रडतात तेव्हा माझे हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. म्हणून काम मिळालं तेव्हा मला बरंच वाटलं. मी लॅपटॉप घेऊन बैठकीत कोपऱ्यात बसले.

मावसांचं खता-बियाण्याचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच अंगाला. शटर अर्धं खाली होतं. भेटायला आलेली माणसं त्याखालून वाकून येत होती, चहा घेत होती, जात होती. मावसा मात्र माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले. चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

आधी भाड्याचं सॉफ्टवेअर. चेहरा कापून घेतला, उजेड वाढवला, सावल्या उचलल्या. चेहरा उजळला, पण उजळलेला धूरच तो. मग फुकटच्यात रेषा धारदार करून बघितल्या. गालावर दाणे उठले.

"देवी आल्यावानी दिसतंय," मावसा म्हणाले. मी ते परत घेतलं.

मग प्लगइन उघडलं. त्यात एक बटण आहे, फेस रिकव्हरी. मावसांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

मी ते बटण कितीदा वाचलं होतं. मराठीत सांगायची वेळ पहिल्यांदाच आली. "चेहरा परत आणणे," मी म्हटलं.

ते सरळ होऊन बसले. "मंग दाब की, माय. आत्तापस्तोर कावून थांबलीस?"

मी दाबलं. निळी पट्टी सरकत गेली, आणि स्क्रीनवर एक बाई आली. स्वच्छ, ठसठशीत. पापण्यांचे केससुद्धा मोजून घ्यावेत असे. ताई मागून आली, तोंडावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. "आई गं! किती क्लिअर आलंय."

मावसा स्क्रीनजवळ वाकले. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोन हाय ही?"

दात सरळ होते. सगळे एका ओळीत, पांढरेशुभ्र. मावशीच्या कपाळावर कुंकवाखाली गोंदलेला ठिपका होता, हनुवटीवरही गोंदण होतं, ते सगळं गेलं होतं. प्लगइनला तो डाग वाटला असणार. डाग काढायचे हे त्याला शिकवलेलंच असतं. कातडी एखाद्या जाहिरातीतल्या बाईसारखी गुळगुळीत होती.

"दुसरं बघते," मी म्हटलं.

दुसऱ्या प्लगइनने डोळे बारीक केले आणि गाल भरले. ती बाई थोडी माझ्या आईसारखी दिसत होती. आईनेच ती बघून तोंड फिरवलं. तिसऱ्याने मावशीला तरुण केलं. मी बगळ्याशी करते तसंच केलं. सगळे चेहरे शेजारी शेजारी लावले, मूळ फोटो डावीकडे. मधली रेघ सरकवली की आधीचं आणि नंतरचं दिसतं. मावसांनी ती सरकवायला शिकून घेतली. डावीकडे धूर, उजवीकडे बाई. पुन्हा धूर, पुन्हा दुसरी बाई. ते एकाही चेहऱ्याला हो म्हणत नव्हते.

"गोंदण तरी हातानं काढते," मी म्हटलं. निदान तेवढं मला येत होतं. वेगळा लेयर, बारीक ब्रश, हिरवट रंग. "हनुवटीवर किती ठिपके होते?"

"तीन," मावसा म्हणाले.

"दोनच की, दादा," त्यांचे धाकटे भाऊ दारातून म्हणाले. "एक बारका, एक मोठा. वहिनीनं मला इतकी वर्षं वाढलंय, मला ठावं न्हाई का?"

"तू ताटात बगायचा का तिच्या तोंडाकडं?"

"तीनच होते," आई म्हणाली. "आमी दोघी संगंच गेलतो गोंदायला. मी रडले म्हणून माझं एकावरच भागलं."

"पण उभे का आडवे?" ताईने विचारलं.

आईने स्वतःच्या हनुवटीला हात लावून बघितला, जणू तिथे लिहिलेलं असेल. मावसांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले. मी ब्रश धरून थांबले होते. दारात चहाचे कप गोळा होत होते, कुणीतरी खताच्या पोत्यांवर बसून पावसाचं बोलत होतं.

डोळे उघडून मावसा म्हणाले, "आता मला बी आठवंना."

"आठवेल, मावसा. सावकाश."

"न्हाई गं. सकाळपस्तोर व्हती. डोळं मिटलं की हसायची, ह्या फोटोतल्यावानीच. आता मिटलं की ही येती." त्यांनी स्क्रीनवरच्या पहिल्या बाईकडे बोट केलं, सरळ दातांच्या. "हीच येती. मधी ती दुसरी बी येती."

मी लॅपटॉप मिटला. एवढंच मला सुचलं. झाकण लागल्याचा आवाज झाला आणि ताईने ते लगेच पुन्हा उघडलं, कारण परळीला फ्रेमवाला वाट बघत होता आणि त्याला फाइल संध्याकाळच्या आत हवी होती.

"मूळचाच फोटो लहान करून लावू या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "लहान असला की ओळखू येतो."

"एवढुसा? भिंतीला?" ताई म्हणाली. "लोक जवळ जाऊन चष्मे लावून बघतील का? माझी आई हाय ती. नीट दिसाया पाहिजे." मग तिने पहिल्या बाईवर बोट ठेवलं आणि तिचा आवाज बदलला. "मला तर वळखू येतीय गं ह्यात. खरंच येतीय. तुला न्हाई येत?"

मला येत नव्हती. पण ती ताईची आई होती, माझी नव्हे. आणि ताई खोटं बोलत नव्हती. दात सरळ असते तर आई कशी दिसली असती ते तिने मनात कधीतरी बघितलं असेल. मी मावसांकडे बघितलं. ते म्हणाले, "तिला आवडलंय तर दे." मी हनुवटीवर तीन ठिपके काढले, आडवे, आणि कपाळावर एक. फाइल पाठवली.

तेराव्याला फोटो आला. मोठा, सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये, झेंडूचा हार. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. "हुबेहूब आलंय," गावातली एक बाई म्हणाली, आणि ती रोज मावशीकडे बसायला यायची. "आता बोलंल वाटतंय." ताईने तिला सांगितलं की हे मी केलंय. त्या बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मी खाली बघत राहिले. मावसा सगळ्यात शेवटी उठले. त्यांनी फोटोला हात जोडले आणि लगेच मागे सरले, अनोळखी पाहुणीला वाट द्यावी तसे.

आम्ही बीडला परत आलो. मी प्लगइन काढून टाकलं, मग पुन्हा बसवलं. काढून टाकल्याने काही होणार नव्हतं.

काही दिवसांनी दुपारी मावसांचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत. आधी आई कशी आहे विचारलं, मग बीडला ऊन कसं आहे विचारलं. मग म्हणाले, "ते पयलं व्हतं ना, धुरकट, ते हाय का तुझ्याकडं? ताईला नको सांगू. मला धाड."

मी पाठवला. कापलेला नाही, पूर्ण लग्नाचा. पोहोचल्याची खूण आली, मग बघितल्याची. मग बराच वेळ काहीच नाही. मी फोन हातात धरून बसले होते. पुन्हा रिंग वाजली.

"आला गं. दिसली. हायच ती, कोपऱ्यात. हात वर केलाय बग."

"हो, मावसा."

"पण दोन बोटानं मोठं केलं की जातीय."

"हो."

"बारीक केलं की पुन्यांदा येती. पण लई बारीक. माझ्या डोळ्याला पुरंना."

मी लॅपटॉपवर तोच फोटो उघडला.

"मोठं करून बी राहील असं काय हाय का? तुझ्या त्या कंप्युटरात?"

पलीकडे दुकानात कुणीतरी युरिया आहे का विचारत होतं. मावसांनी त्याला थांब म्हटलं आणि माझ्या उत्तरासाठी थांबले.

"न्हाई, मावसा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. गिऱ्हाइकाने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि मावसा फोन तसाच धरून होते.