आठवडाभर आधीचं लग्न

इंग्लंडमधल्या ल्यूटन या टोप्यांच्या गावात कुणाचं लग्न नाताळच्या दिवशी ठरलं की थिर्झा ओडेल हातातली टोपी खाली ठेवून म्हणायची, "वर्ष उलटू द्या, मग काय ते करा." टोप्या शिवणाऱ्या मुली हसायच्या. नाताळला सगळे कारखाने बंद असत, मजुरी बुडत नसे, म्हणून कामकरी माणसांची लग्नं त्याच दिवशी लागायची. वेदीपुढे जोडप्यांची रांग असे. थिर्झाच्या म्हणण्याला काही अर्थ उरला नव्हता हे तिलाही माहीत होतं. पण ते तिच्या तोंडून सुटायचंच.

थिर्झा आणि लोइस या फेन्समबाईंच्या दोन मुली. वडील लवकर गेले. आईने टोप्यांसाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या विणून विणून बोटं वाकडी करून घेतली आणि दोघींना टोप्या शिवायची दोन मशिनं घेऊन दिली. अगदी एकसारखी, म्हणजे भांडण नको. तरी थिर्झाला वाटायचं, लोइसचं मशीन हलकं चालतं. लोइसचे केस कुरळे होते. चर्चच्या गायनात लोइस पुढच्या रांगेत. आणि लोइसला नेहमी जॅम. म्हणजे रविवारी आई कापडात बांधून पिठाची लांबट वळकटी उकडायची, तिच्या एका टोकाला मटण आणि दुसऱ्या टोकाला जॅम असायचा. मटणाचं टोक थिर्झाला, कारण ती मोठी, काम जास्त करणारी. आईच्या मनात तो मान होता. थिर्झाला मात्र लोइसच्या ओठांवरचा जॅम दिसायचा.

सन १८८२ च्या नाताळात दोघींची लग्नं एकदमच लागायची होती. लग्नाआधीच्या रीतीप्रमाणे तीन रविवार चर्चमध्ये चारही नावं पुकारून झाली. थिर्झाचा जाबेझ टोप्या गरम साच्यावर दाबून बसवायचा, लोइसचा रूबेन इम्पी सुतार होता. लग्न तोंडावर आलं आणि रूबेनचे दोन्ही गाल भोपळ्यासारखे फुगले. गालगुंड. डॉक्टरांनी त्याला घरातून हलायची बंदी केली.

थिर्झा एकटीच वेदीपुढे गेली. डोक्यावर तिने स्वतः शिवलेली, पांढऱ्या बारीक काडाची टोपी होती. तिच्यासाठी तिने शरद ऋतूभर निवडक काड्या वेगळ्या काढल्या होत्या. लोइस मागच्या बाकावर लाल डोळ्यांनी बसली होती. थिर्झाला ते मागे न बघताही कळत होतं. तिने रूबेनसाठी प्रार्थना केली खरी, पण देवाला घाई करायला काही सांगितलं नाही.

लोइसचं लग्न जानेवारीत झालं. बर्फ पडत होतं, माणसं मोजकी आली. थिर्झाने तिला नवी चादर दिली आणि मन मोठं केल्याचं समाधान घेऊन घरी आली.

ते समाधान वसंतापर्यंतच पुरलं. चर्चच्या चहापानाला बरसाहेब आले होते. ते वकिलाच्या कचेरीत कारकून होते आणि बायांना कायदा समजावून सांगायची त्यांना भारी हौस.

"बाईचं लग्न झालं की तिची चीजवस्तू नवऱ्याची, ही आपल्याकडची शेकडो वर्षांची रीत," बरसाहेब कप हातात घेऊन म्हणाले. "कायद्याला नवरा-बायको मिळून एकच माणूस. आणि ते माणूस कोण, तर नवरा. बायांनी वर्षानुवर्षं सह्या गोळा करून अर्ज केले, तेव्हा कुठे मागे त्यांची मजुरी त्यांची झाली. आता पुढचं पाऊल पडलंय. गेल्या पहिल्या जानेवारीपासून जिचं लग्न झालं, तिचं सगळं तिचंच."

"आणि त्याआधी जिचं झालं तिचं?" फेन्समबाईंनी विचारलं.

"तिला इथून पुढे जे मिळेल ते तिचं. लग्नात नेलेलं मात्र गेलं ते गेलं."

लोइसला हसू आवरेना. "म्हणजे रूबेनच्या गालांनी माझं मशीन वाचवलं म्हणायचं."

"उगाच का मी एवढं दुखणं काढलं," रूबेन म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं.

थिर्झाने केक तसाच बशीत ठेवला. दोन मशिनं, एकाच दुकानातली, एकाच आईने घेतलेली. एक लोइसचं, आणि दुसरं जाबेझचं. एका आठवड्याने.

चर्चमध्ये वेदीशेजारी बायबलातल्या दहा आज्ञा लिहिलेली पाटी होती. शेवटची आज्ञा वाचताना थिर्झा रविवारी थबकायची. त्यात शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको असं होतं. बहिणीचं नाव नव्हतं. देवाला तेवढी पळवाट चालत नाही हे तिला कळत होतं, पण पोटातला जळफळाट काही शमत नव्हता.

मग ती घरी जाबेझच्या कानाशी भुणभुण करू लागली.

"लोइसचं मशीन तिचं आहे. माझं तुझं आहे."

"बरं," जाबेझ म्हणायचा. तो बुटांवर वाळलेली, टोप्या कडक करायची खळ खरवडत असायचा.

"उद्या तू विकलंस तरी मी काही बोलू शकत नाही."

"कोण विकतंय?"

"कुणी नाही. पण विकू शकतोस. लोइसच्या मशीनला रूबेन हात लावू शकत नाही."

जेवताना तेच, अंथरुणावर तेच. तोवर जाबेझने मशीन कुणाचं असा विचारच केला नव्हता. त्याच्या लेखी ते खिडकीसारखं होतं, घरात असलेलं. पण रोज बायकोच्या तोंडून ऐकून ऐकून त्याच्या मनात ते रुजलं.

उन्हाळ्यात टोप्यांचा हंगाम संपला आणि कारखाने मंदावले. एका दुपारी थिर्झा बाजारातून आली तर खिडकीखालची जागा रिकामी होती. दाराशी गाढव उभं होतं, गाडीला जुंपलेलं.

"टोप्यांची खोकी स्टेशनवर न्यायला," जाबेझ उत्साहाने म्हणाला. "आता मंदीतही काम मिळेल. गाढव गुणी आहे, बघ."

"माझं मशीन कुठंय?"

"त्याच्याच बदल्यात आलं हे. अगं, तूच म्हणालीस ना ते माझं आहे म्हणून?"

बोलायचं होतं ते सगळं थिर्झाने आधीच बोलून टाकलं होतं. रडायलाही तिला हक्काची जागा दिसेना, म्हणून ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. हंगाम आला की आता परक्याच्या कारखान्यात, परक्याच्या मशीनवर बसायचं. आणि लोइस आपल्या खिडकीत, आपल्या मशीनवर. तो विचार तिला मशीन गेल्याहून जास्त टोचला.

ही बातमी आईकडून लोइसला कळली. दुसऱ्या दिवशी ती आली. सहावा महिना, चालताना धाप लागत होती. मागे रूबेन हातगाडीवर तिचं मशीन घेऊन.

"हे तू ठेव," लोइस म्हणाली. "मला पायडल मारवत नाही. पुढे सासूबाईंचं आहेच. त्यांना आता सुई दिसत नाही."

"उसनं नको मला."

"उसनं नाहीच. मी बरसाहेबांना विचारून आले. उसनं दिलं तर माझंच राहतं. बक्षीस दिलं तर तुझं होतं. तुझं, जाबेझचं नाही. आज मिळालेलं आहे ना."

जे मशीन हलकं चालतं असं थिर्झा इतकी वर्षं म्हणत आली ते दारात उभं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. आणि मग जन्मभर प्रत्येक टोपी शिवताना लोइसची आठवण काढायची.

"घेऊन जा परत," ती म्हणाली. "तुझ्या दानावर जगायची वेळ नाही आली माझ्यावर."

रूबेनने हातगाडीचा दांडा उचलला. लोइसने त्याला थांबवलं.

"दान कोण करतंय? मला तुझी लग्नातली टोपी हवी."

"कशाला?"

"नाताळच्या दिवशी मागच्या बाकावरून दुसरं काही दिसत नव्हतं मला. उठून त्या टोपीचे चावे घ्यावेसे वाटत होते. देवाच्या घरात बसून, थिर्झे." लोइसने नाक पुसलं. "माझ्या लग्नात मी जुनी टोपी घातली. तू चादर दिलीस. मी टोपीची वाट बघत होते."

लोइसलाही असं होतं हे थिर्झाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"टोपी लग्नाआधीची आहे," ती म्हणाली. "कायद्याने ती जाबेझची."

दारात गाढवाला गाजर भरवणारा जाबेझ मागे न वळताच म्हणाला, "मला बसत नाही ती. द्या देऊन."

आधी रूबेन हसला, मग लोइस. थिर्झा हसली नाही, पण आत जाऊन तिने पेटीतून टोपी काढली, वरचा पातळ कागद सोडला आणि बहिणीच्या हातात दिली. मशीन खिडकीखाली लागलं. कुणी विचारलं तर सांगायला सोपं जावं म्हणून थिर्झाने आईला साक्षीला बोलावून घेतलं आणि मशीन लोइसने आपल्याला दिलं, असं तिच्यासमोर मोठ्याने वदवूनही घेतलं.

त्याच मशीनवर तिने पुढे म्हातारपणापर्यंत टोप्या शिवल्या. गाढव दोन हिवाळेही टिकलं नाही.

पण त्या दुपारी सगळे गेल्यावर ती मशीनशी बसली, देवाचे आभार मानले आणि काडाची ओली वेणी सुईखाली धरून पायडल दाबलं. मशीन जडच चालत होतं, तिच्या जुन्या मशीनइतकंच. तिने मान वर केली. लोइस रस्त्याच्या टोकाला पोचली होती, ती पांढरी टोपी घालून, रिकामी हातगाडी ढकलणाऱ्या रूबेनच्या कोपरात हात अडकवून. खालून कुरळे केस बाहेर आले होते.

थिर्झाच्या डोक्यावर ती टोपी कधीच अशी बसली नव्हती. लोइस दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली, आणि मग तिने पायडल जोरात मारलं.