टेपकाकूंनी उपसलेली वायर

गळ्यात सदैव मोजपट्टी, म्हणून सगळे त्यांना टेपकाकू म्हणतात. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत अशांचे कपडे त्या शिवतात: एक खांदा उतरलेला शिक्षक, पाठीला बाक आलेली ग्रंथपाल, कोपरापाशी हात संपणारा सुतार. बावीस वर्षांत अशा एकशे साठ जणांचे पॅटर्न त्यांनी आखले. कागद विरू लागले तेव्हा सगळे घरच्या कॉम्प्युटरवर चढवले आणि कागद टाकून दिले. दुसरी प्रत नव्हती. सरासरीत न बसणाऱ्या या शरीरांची इतकी काटेकोर नोंद अन्यत्र कुठेही नव्हती.

एका दुपारी त्या पडद्यावर कोटाची बाही आखत होत्या. नमुन्याचे चित्र शोधायला एक संकेतस्थळ उघडले, तोच भोंगा वाजू लागला. पडदाभर लाल चौकट आली: व्हायरस शिरला आहे, सर्व फायली पुसल्या जातील, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.

शिवणयंत्रात धागा अडकला की काकू आधी प्लग काढतात, मग सुईकडे पाहतात. हात सवयीने तिकडेच गेला. पण वीज तोडली असती तर न साठवलेली बाही गेली असती. म्हणून त्यांनी इंटरनेटची वायर तेवढी उपसली. भोंगा थांबला नाही.

शेजारच्या खोलीतून दीर धावत आले. "वहिनी, बघत काय बसलात? लावा फोन! बावीस वर्षं पाण्यात जातील!"

इथे काकूंची चूक झाली. त्यांनी फोन लावला.

"घाबरू नका, मॅडम," पलीकडचा आवाज मधाळ होता. "तुमचा कॉम्प्युटर माझ्यासमोर उघडाच आहे. तीनशे व्हायरस... आता चारशे झाले! मी सांगतो ते डाउनलोड करा आणि बँकेचं कार्ड हाताशी ठेवा."

"आत्ता दिसतंय तुम्हाला?"

"अगदी स्पष्ट!"

"नवलच. इंटरनेटची वायर तर माझ्या हातात आहे."

"मॅडम, आम्हाला सॅटेलाइटवरून दिसतं."

"मग सॅटेलाइटवरूनच सांगा, मी आखतेय ती बाही डावी की उजवी?"

फोन कटला. काकूंनी ब्राउझर सक्तीने बंद केला. भोंगा गप्प झाला आणि मागे बाही जशीच्या तशी उभी होती.

अशा सापळ्यात सापडणाऱ्यांना आपण अडाणी ठरवतो, हा अन्याय आहे. फसवणारा माणसाच्या सर्वांत जपलेल्या गोष्टीवर बोट ठेवतो आणि विचाराला उसंत देत नाही. काकूंनी ती उसंत स्वतः मिळवली. पोलिसांकडे तक्रार नोंदवताना, आणि पुढे गिऱ्हाइकांना सावध करताना, आपण फोन लावला होता हे त्यांनी लपवले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळी हार्ड डिस्क आणली, सर्व फायली उतरवल्या आणि एकेक उघडून पाहिली. एकशे साठच्या एकशे साठ शाबूत.

दीर दारात घुटमळत होते. "वहिनी, माझ्याही कॉम्प्युटरचं जरा बघाल?"

"आधी पासवर्ड बदला. जन्मतारीख ठेवलीय ती."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, भाऊजी. टाइप करताना मोठ्यानं म्हणता. अख्ख्या गल्लीला पाठ आहे!"